आत माणूस आहे?

सतरा नंबरचा पाना अजून ड्रॉवरमध्ये आहे.
दांड्यावर माझ्या अंगठ्याची खोबण.
बेचाळीस वर्षं मी या कुटाइसीत लिफ्टा दुरुस्त केल्या,
पण त्या पान्यानं कधी म्हटलं नाही
की कालपासून नट पिळायची पद्धत बदलली आहे नुगझार,
आधी मला नवा कर, मग बोलू.

लॅपटॉप लाशाचा, तिसऱ्या मजल्यावरच्या त्सियालाच्या मुलाचा.
एक बटण पडलेलं, पुढचा दात पडावा तसं.
तो शिकायला बातुमीला गेला, हे माझ्या गळ्यात.
निवृत्त झाल्यावर लोक द्राक्षं लावतात.
मी म्हटलं, एक लिफ्ट करू.
पडद्यावर. बोटाएवढी.
नऊ रेघा म्हणजे नऊ मजले,
एक चौकोन वर जाईल, खाली येईल.
कुणाला दाखवायची नाही, विकायची तर नाहीच.

पहिल्या महिन्यात चौकोन निघालाच नाही.
महिना गेला चौकोन काढणाऱ्याला बसवण्यात,
त्याला जे लागतं ते आणण्यात,
आणलेल्याला जुनं चालेना, नवं पचेना,
ते काढलं तर दुसरंच काहीतरी आजारी.
मग एका संध्याकाळी दोनशे ओळी, सगळ्या लाल.
शब्दकोश घेऊन बसलो.
तिसऱ्या दिवशी कळलं, एकशे नव्याण्णव नुसत्या
मयताला जमलेल्या मंडळींसारख्या,
कोण गेलं ते ठाऊक नाही, रडतायत.
गेलेली ती पहिली:
ओळ एक्केचाळीस, इथे काहीतरी अपेक्षित होतं.

काहीतरी!
एतेरीही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून असंच म्हणते
आणि काय ते सांगत नाही.

अर्धविराम होता.
माशीच्या पायाएवढा.

चौकोन हलला तेव्हा रात्रीचे अकरा.
एक, दोन, तीन,
चार
आणि पाचच्या जरा खाली थांबला.
मला हसू आलं. इतकी खरी होईल असं वाटलं नव्हतं.
राहू दे, म्हटलं,
आमच्या कचेरीत रात्री फोन आला की गुरामी एवढंच विचारायचा:
आत माणूस आहे?
नसेल तर सकाळी बघू.

एतेरी हात पुसत आली, चष्मा वर सरकवून वाकली.
"आत कोण आहे?"
कोणी नाही, चौकोन आहे नुसता.
"मग चालवतोस कुणासाठी?"
आणि गेली झोपायला.

मी एक ठिपका घातला.
पिवळा. उगाच.
पहिल्या मजल्यावर आत शिरला, दार लागलं,
एक, दोन, तीन, चार
आणि.

झाकण बंद केलं. दिवा घालवला.
खाली रिओनीचा आवाज, एतेरीचं घोरणं.
कूस बदलली. पुन्हा बदलली.
पावणेतीनला उठलो,
अंधारात पायानं सपाता शोधल्या,
हात आधी ड्रॉवरकडेच गेला.

झाकण उघडलं. मधोमध पाटी:
नवी आवृत्ती आली आहे. बसवायला चाळीस मिनिटं लागतील.
कृपया यंत्र बंद करू नका.

अरे बाबा,
आत माणूस आहे.