वल्हेवाली

रात्री पावणेदोनला ट्रेलरच्या शेवटी
अंधारात नुसतं एक वल्हं दिसलं
आणि भांडुपच्या दहा-बाय-बारात
मी उशी तोंडात कोंबून ओरडलो.

बायको दचकून उठली, "कोण गेलं?"
गेलं नाही गं, आली.
झुरा. सव्वीस वर्षांनी.

नाझरचाचाच्या पार्लरात, रुपयाच्या नाण्यावर,
मी दुसरं कुणी निवडलंच नाही कधी.
पुढच्या भागात तिला गाळली,
त्याच्या पुढच्याही.
पार्लरच्या जागी आता दातांचा दवाखाना.

मनगट मात्र चादरीवर आपोआप
मागे, खाली, पुढे, ठोसा.

भूपेशला दुबईत मेसेज टाकला: वल्हं.
लगेच फोन.
बराच वेळ कुणी बोललंच नाही.
मग म्हणाला,
"मशीनला लाथ नाही मारणार.
पण पहिला डाव माझा."