इथं होतं

कानातले, केसातल्या तीन पिना,
सगळं बाबांच्या रुमालात.
ते बाहेर बाकावर, मांडीवर माझ्या फाइलची थैली.

धंतोली, मे महिना. रस्त्यावर डांबर मऊ झालंय
आणि मी आत काकडतेय
पांढऱ्या नळकांड्यात.
श्वास घ्या. सोडा. धरा.
धरला की ठोके सुरू. माझे नाहीत, मशीनचे.
गोळीबार चौकातला आमचा माग
पहाटे असाच बोलायचा.

चार वर्षांची होते.
लंगडी घालता घालता मध्येच उकिडवी बसायचे,
जांभूळ न खाता ओठ जांभळे.
पोट्टी आळशी आहे, म्हणायची गल्ली.
मला कुणी शिकवलं नव्हतं तसं बसायला,
गुडघे पोटाशी घेतले की बरं वाटायचं,
एवढंच.

पहिल्या इकोला छातीवर जेलीचा गार गोळा,
पडद्यावर लाल, निळं, लाल.
बाबांनी विचारलं, निळं म्हणजे खराब रक्त का जी?
नाही हो, बाई म्हणाल्या,
लाल आपल्याकडे येतंय, निळं लांब जातंय.
बाबा बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, इथं चुकलं.
फणीच्या एकाच घरातून दोन्ही धागे जाऊन राह्यले.
बाई हसल्या नाहीत.

ते छिद्र बुजवलं, ठिगळ अजून शाबूत आहे.
पण झडप गळते, उजवा कप्पा सैलावलाय,
किती, ते आज मोजायचं.
मूल हवं असेल तर आधी हा आकडा बघू,
असं मागच्या वेळी ठरलं.
मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही नाही.

डॉक्टर भोंगाडे फाइल उघडतात.
पहिलाच कागद पांढरा.
काका, यात तर काहीच दिसत नाही.
खरंय. सव्वीस उन्हाळे टिनाच्या पेटीत,
पेटी पत्र्याखाली.
छाप कधीच उडून गेलाय.
बाबा वाकतात. नखात अजून जुना रंग.
बोट कागदावर फिरतं, थांबतं.
इथं होतं.
आणि ही वाट अरुंद. एवढी.
डॉक्टर काही बोलत नाहीत,
पडदा जरा बाबांकडे वळवतात.

आकडा उद्या मिळणार.
बाहेर येऊन बाबा रुमालाची गाठ सोडतात.
कानातले आहेत. पिना दोनच.
तीन होत्या ना? म्हणतात,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
बाकाखाली शोधू लागतात.