नोंदीत नसलेलं

न्यायाधीश लॉर्ना हॉगव्हेट कोर्टात यायच्या
तेव्हा बुटांवरचा बर्फ अजून वितळत असायचा.
ग्रेट फॉल्स, मोंटाना. दुसरा मजला.
रेडिएटर खोकायचा, आणि त्या थांबायच्या
म्हाताऱ्या साक्षीदारासाठी थांबावं तशा.

मी खाली, लघुलेखनाच्या यंत्रापाशी. सव्वीस वर्षं
त्यांचा शब्दन् शब्द माझ्या बोटांतून गेला.
"मान्य." "फेटाळलं." "बसा हो, मिस्टर टेंगस्डाल, बसा."
गव्हाच्या विम्यातल्या लबाड्या,
सरहद्दीवरून आलेल्या गोळ्यांच्या पिशव्या,
पाण्यावरून भांडणारी दोन गावं;
त्या खटल्यात तर वकीलच म्हातारे झाले.

नेमणूक तहहयात. त्या म्हणायच्या,
"मलाही जन्मठेपच झालीय,
फक्त जेवायला घरी सोडतात."
हे नोंदीत नाही.

कोल्टन अझूर, वय एकोणीस. कायद्याने किमान दहा वर्षं.
आई मोटेलच्या गणवेशातच आलेली.
"माझे हात बांधलेले आहेत," त्या म्हणाल्या.
हात तर मोकळेच होते, टेबलावर, पालथे.
मग काहीच नाही.
भिंतीवरचं घड्याळ चौदा वेळा वाजलं, टिक टिक.
माझी बोटं अधांतरी.
यंत्रावर गप्प बसण्याची कळ नसते.
मग: "एकशे वीस महिने."

निवृत्तीनंतर एकदा आल्या, काठी टेकत,
झग्याविना एवढ्याशा.
"ते पान काढ."
दोन ओळींमधल्या कोऱ्या पट्टीवर नख ठेवलं.
"इथे मी नाही म्हणणार होते."

रेडिएटर खोकला.
आम्ही दोघी थांबलो.