उलटा ग

भिंगारदिवे बाई नगरकडच्या.
खाडीची हवा त्यांना कधी मानवली नाही,
मे महिन्यात पायांना खाज, जूनपासून खोकला.
तरी बेलापूरपट्टीत सतरा वर्षं मिशनचा बालवर्ग चालवला,
प्रार्थनाघराच्या पडवीत,
रुळाच्या तुकड्याची घंटा, आणि एकवीस पोरं,
त्यांतली निम्मी शी लागली तरी सांगत नसत.

वाळूत अक्षरं गिरवून घ्या,
असं ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं.
वाळू कुठली इथे, सगळा चिखल.
आई म्हणाली, "मीठ चालंल का बाय?"
आणि मिठागरातून पाटीभर घेऊन आली.

पत्र्याच्या परातीत मीठ, मिठात बोट.
क काढला, परात हलवली, क गेला.
बोटाला जखम असेल त्याला अक्षर झोंबे.
दिवाळ्याचा हिरू तर ठ वर रडलाच.

आई मला सोडायला यायची आणि जायची नाही.
दाराशी उकिडवी, टोपलीला पाठ लावून.
प्रार्थनेला सगळे डोळे मिटत,
ती मिटत नसे, तिचं लक्ष परातीवर.
बाई काही बोलल्या नाहीत,
एक दिवस परात तिच्याकडे सरकवली.
तक्त्यावर ग गवताचा होता.
बाई म्हणाल्या, ग गोमीचा.
आईने मागे वळून पाहिलं,
दुसरी कुणी गोमी आलीय का.

मग काढला. काठी आधी, आकडा मागून,
आरशातल्यासारखा.
मी हसले. चार वर्षांची होते, मला येत होता.
बाईंनी नुसतं बघितलं माझ्याकडे.
"राहू दे. सहाव्या वर्षापर्यंत फिरतं आपोआप."
आई तेव्हा एकतीस वर्षांची.

नाही फिरला.
माझ्या प्रगतिपुस्तकावर उलटा,
रॉकेलच्या कार्डावर उलटा,
जमीन गेली त्या दिवशी ठाण्याच्या कचेरीत
कारकून म्हणाला, मावशी, हे काय अक्षर झालं,
अंगठा द्या, लवकर सुटाल.
आईने शाईची डबी त्याच्याकडे परत सारली.
"माजे बापसानं आंगठा दिलता.
मिठागर गेला त्याचा."
त्या पानावर वरपासून खालपर्यंत निळे डाग
आणि मध्येच एक
भलत्या दिशेला निघालेला ग.
पैसे डागांना मिळाले तेवढेच मिळाले.

आता शाळा चार मजली. क्रूस तेवढा जुना, लाकडी.
मी तिथेच शिकवते, तिसऱ्या मजल्यावर,
डब्यात जांभळी वाळू, बोटाला चिकटत नाही,
झोंबतही नाही.
काल एका मुलीचे वडील आले, वही उघडूनच.
टीचर, ही सगळं उलटं लिहिते,
तुम्ही लाल शाई का नाही लावत?
मी म्हटलं, फिरतं आपोआप.
"आणि नाही फिरलं तर?"

मुलगी त्यांच्या गुडघ्याआडून
टाचा उंचावून बघत होती.
मी डबा तिच्याकडे सरकवला.