शेवटची पाटी

भाऊच्या धक्क्यावर आई विचारायची, "पुढं?"
जानकू तांडेल होडीतून एक पाटी वर द्यायचा.
बोंबील. अजून हाय.
"पुढं?"
मांदेली. अजून हाय.
हाक आल्याशिवाय हात हलत नसे त्याचा,
थांबला तिथंच थांबलेला.

पवईत, रात्री अकराला, माझी मोजणी एकानं कमी.
जनरेटरनं शेवटचं रिटर्न केलेलं
'डन: ट्रू'च्याच हातात येतं,
आणि फॉर-ऑफ 'ट्रू' ऐकताच पाठ फिरवतो,
हातात काय आहे न बघता.
नंतर कितीदाही विचारा:
अनडिफाइन्ड. अनडिफाइन्ड.

आई बघायची.
"सरलं गो," म्हणत जानकू जी पाटी द्यायचा
तिच्या तळाशी सुरमईची दोन डोकी, थोडा बर्फ.
ती विकायला नव्हती.
तिचं कालवण व्हायचं.