साडेतीन सूत

उद्यमबागेत लेथवर चाळीस वर्षं उभे राहिलेले
मोनाप्पाकाका हुंदरे
दर रविवारी माझ्या मोबाइलच्या दुकानात येतात,
टोपी काउंटरवर ठेवतात,
"व्हिएन्ना ते कोपनहेगन बघ की रे परत."

मी बघतो.
आठशे सत्तर किलोमीटर, सरळ रेषेत.
विमानानं एक तास पंचेचाळीस मिनिटं.
"म्हणजे काय कमी झालं नाही."
नाही, काका.
मी चहा सांगतो.

व्हिएन्नात भारता, रात्रपाळीची सिस्टर.
कोपनहेगनात सुबराव, पवनचक्क्यांच्या कंपनीत.
"मधली हद्द कळतच नाही, बाबा,"
भारता एकदा फोनवर म्हणाली होती,
"पाट्यांवरची भाषा तेवढी बदलते."
काका म्हणाले, "तेवढ्यावर आमच्याकडं
दगड येतात ग."

त्यांना कोगनोळी आठवली असणार.
काकूला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेत होते,
एकशे दहा किलोमीटर.
नाक्यावर गाड्या थांबल्या, कुठली तरी काच फुटली,
कंडक्टर "उतरा" म्हणाला, आधी कन्नडात, मग मराठीत,
आणि काकू एक्स-रेची पिशवी छातीशी धरून
ह्या राज्यातून त्या राज्यात
चालत गेली.
सात तास लागले.

ती गेली तेव्हा भारता आली, अकरा दिवस राहिली.
सुबराव बाराव्याला पोचला.
सांबऱ्याच्या विमानतळावर
ही आत शिरत होती, तो बाहेर पडत होता,
मध्ये एक काच.
दोघांनी बघितलं म्हणतात काका. बोललं कोण नाही.
ह्याला सहा वर्षं झाली.

आज ते शेजारच्या पोराचा शाळेचा नकाशा घेऊन आले
आणि खिशातून वर्नियर काढला.
"मोबाइल काय पण सांगतंय. हातानं मोजूया."
एक टोक व्हिएन्नावर, एक कोपनहेगनवर,
चष्मा कपाळावर, श्वास धरलेला,
जसा शेवटच्या कटाला धरायचे.
"अकरा मिलिमीटर. साडेतीन सूत धर."

मग बराच वेळ काही नाही.
समोरून वडापची एक गाडी "खानापूर, खानापूर" करत गेली.

"शाफ्टला आणि बुशाला एवढा खेळ असला
तर इन्स्पेक्टर बघत पण नाही, भंगारात टाकतो.
आम्ही टाकत नव्हतो.
मध्ये स्लीव्ह घालायचो.
बसायचं."

नकाशावरच्या वर्नियरचा फोटो काढायला लावला.
दोघांना पाठव म्हणाले. वेगवेगळा.
खाली काय लिहू?
"काय नको. माप दिसतंय की."

तिकडं किती वाजले असतील, त्यांनी विचारलं.
साडेसात. उन्हाळ्यात ते साडेतीन तास मागं असतात.
"कोण?"
दोघंही, काका. दोघांकडं वेळ एकच आहे.

त्यांनी वर्नियर शून्यावर आणला,
धोतराच्या सोग्यानं पुसला, टोपी घातली,
आणि आज चहाचे पैसे
मला देऊ दिले नाहीत.