जावा

फळ्यावर एर्दविलासने एक उभी रेघ ओढली.
डावीकडे बरं, उजवीकडे वाईट.
रेघ जरा तिरकी आली,
तेव्हाच मी ओळखलं, आजचं माप सरळ पडायचं नाही.

क्लायपेदा. डिसेंबर. चारलाच अंधार.
खिडकीबाहेर बंदराच्या क्रेन, आत आम्ही पाचजण, एक किटली,
आणि वीस वर्षांची स्ट्रट्स,
जिच्या दारात प्रत्येक जहाज अजून
धक्का मागायला उभं राहतं.

तिच्याविषयी सगळे वाईटच बोलत होते,
घर सोडताना भाडेकरू भिंतींविषयी बोलतात तसं.
एका बटणासाठी तीन फायली,
त्यातल्या दोन नुसत्या तिसरीचा पत्ता सांगणाऱ्या.
खरं आहे.
पण पत्ता लिहिलेला असायचा.
रात्री दोनला बिघडलं
तर कंदील घेऊन तिथवर चालत जाता यायचं.

स्प्रिंगचं तसं नाही.
वर्गाच्या कपाळी वर्तुळातल्या ए-चा टिळा लावा,
तो आपसूक कामाला लागतो.
हाक कुणी मारली, कुठून मारली,
विचारायचं नाही.
अर्ध्या जगाचं पोट तिच्यावर चालतं, मान्य.
माणूस सोडून गेला तर दुसरा उद्या मिळतो
(गेला म्हणजे व्हिल्न्युसला, दीडपट पगारावर).
तरी पहिल्याच आठवड्यात
माझी चूक चाळीस ओळींच्या गर्दीत हरवली,
आणि त्या चाळिसात माझी ओळ एकच होती.

मिग्ले विकेटसाठी भांडली.
सगळं कसं बांधेसूद, एकही दोर सैल नाही,
पानाच्या पोटात चौकट, चौकटीच्या पोटात बटण.
तिचे कान लाल झाले होते.
"आणि मेमरी?" कोपऱ्यातून अल्गिमांतास.
एवढंच.
कारण विकेट सारं लक्षात ठेवते:
कोण पान उघडं टाकून जेवायला गेलं,
कुणी अर्धं नाव टाइप करून सोडून दिलं.
शंभर माणसं आली
की सर्व्हर गाभण गायीसारखा हलू लागतो.

धाकटी क्वार्कस.
पापणी लवायच्या आत उभी राहते, खाते चिमणीएवढं,
आणि आमच्या बेतात तिने काहीच लक्षात ठेवायचं नव्हतं.
दर वेळी नव्याने ओळखपत्र दाखवा.
माझी एक मावशी आहे अशी. मायाळू आहे.
फक्त दर भेटीत नाव विचारते.

शेवटी सगळ्या जावाच.
एका घरात नांदणाऱ्या, चूल तेवढी वेगळी.
मग गुण द्यायचं ठरलं:
वेग नऊ, शिकायला सोपी सहा,
आणि बेरीज होण्याआधीच
ज्याने त्याने आपापल्या पारड्याखाली
हळूच बोट लावलेलं.

तेवढ्यात झिता आली, धक्का वाटपातली,
किटली न्यायला.
फळा वाचला. दोन्ही बाजू.
"यातल्या कुठलीत टॅब दाबला की
नेमक्या पुढच्या रकान्यात जातं?
रात्रपाळीला हातमोजे असतात. माउस धरवत नाही."

तो रकाना आमच्या फळ्यावर नव्हता.

अल्गिमांतास पहिल्यांदाच हसला.
म्हणाला, ते स्ट्रट्सचं नाही हो,
ते मी हाताने लावलं होतं, एकेक आकडा,
दोन हजार चारच्या थंडीत,
धक्क्यावर एक रात्र काढून आल्यावर.
कुठलीही जाऊ हे करू देते.
कुठलीही आपणहून करत नाही.

स्प्रिंगच घेतली आम्ही.
तसं ते आधीपासून ठरलेलंच होतं.
टॅबचं काम माझ्याकडे आलं,
अल्गिमांतास मार्चात निवृत्त झाला,
आणि फळा कितीदा पुसला तरी
ती तिरकी रेघ जात नाही,
एर्दविलासने चुकून पक्क्या शाईचं पेन उचललं होतं.
डावीकडे हल्ली कुणीतरी सुट्ट्यांची यादी लिहितं.
उजवीकडे, किटली कुणाकडे आहे ते.